मागच्या खोलीची घरपट्टी

मुर्ध्यातले मिठागरवाले, उत्तनचे कोळी आणि नया नगरातले फ्लॅटवाले यांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालेलं आहे. घरपट्टी जास्त आहे. १९९३ साली नगरपालिकेने नव्याने आकारणी काढली आणि टेप घेतलेली माणसं गल्लोगल्ली फिरू लागली, तेव्हा आपल्या घरात किती कमी जागा आहे याचा लोकांना नव्याने साक्षात्कार झाला. पडवीला गोठा म्हणायचं, माळ्याला अडगळ म्हणायचं, भाडेकरूला मावसभाऊ म्हणायचं. नागरिकहो, उगीच मान खाली घालू नका. हे आपण सगळ्यांनीच केलेलं आहे.

विधान परिषदेचे सदस्य गुणवंतराव राऊत मूळचे मुर्ध्याचेच. त्यांनी या विषयावर अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकला होता. 'राहत्या घराची घरपट्टी भरून त्या जागेत दुकाने, कचेऱ्या व दवाखाने चालविले जातात, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने कोणती कारवाई केली. नसल्यास विलंबाची कारणे काय?' सभेत हा प्रश्न वाचून दाखवला की टाळ्या पडत. उत्तर अजून आलेलं नव्हतं, पण टाळ्यांना उत्तराची गरज नसते.

त्याच अधिवेशनासाठी त्यांचा दुसरा प्रश्न होता गर्भपाताच्या कायद्याबद्दल. तो त्यांना सुचलेला नव्हता. पेणकरपाड्यातल्या शिक्षिका संध्या कांबळे चार बायकांना घेऊन आल्या आणि त्यांनी लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, गर्भपाताचा कायदा बाईच्या जिवासाठी आहे, तो राहू दे," संध्याबाई म्हणाल्या. "पण त्याच्या आडोशाला मीरा रोडला मुली निवडून काढतात. गर्भ मुलीचा आहे का मुलाचा हे बघायला ८८ सालापासून बंदी आहे. मग ही मशीनं चालतात कशी, एवढं विचारा. विचारायला धैर्य लागेल."

"ते आहेच," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

प्रश्नावर सही करताना त्यांना १९८७ साल आठवलं नाही. ते साल ते विसरले होते असं नाही. विसरणं आपोआप होतं. न आठवायला सराव लागतो, आणि गुणवंतरावांचा सहा वर्षांचा सराव होता.

टेप घेऊन त्यांच्या घरी आला तो बुद्धभूषण नावाचा कर निरीक्षक. मूळचा नांदेडकडचा, तिशीच्या आतला, नोकरी पक्की होऊन वर्षही झालं नव्हतं. आमदाराचं घर मोजायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"मोजा, मोजा," गुणवंतराव ओटीवरून म्हणाले. "आपल्याला सवलत नको. उद्या लोक म्हणतील, साहेबांनी स्वतःचं घर लपवलं."

बुद्धभूषणने ओटी मोजली, माजघर मोजलं, स्वयंपाकघर मोजलं. मग तो खाडीच्या बाजूच्या दाराशी थांबला. दाराला कुलूप होतं.

"ती सोडा," गुणवंतराव म्हणाले. "पडीक आहे. कोणी राहत नाही."

"राहते," आतून आवाज आला.

आनंदीबाई पदराला हात पुसत आल्या. गुणवंतरावांच्या पत्नी मुळातच कमी बोलणाऱ्या. सभेत हार घालायलासुद्धा त्यांना दोनदा सांगावं लागे.

"कोण राहतं, काकू?" बुद्धभूषणने विचारलं.

"धाकटी."

राऊतांना दोन मुली, दोघींची लग्नं झालेली, हे नगरपालिकेत शिपायालाही ठाऊक होतं. बुद्धभूषणने साहेबांकडे बघितलं. साहेब हसले. हे हसू ते पत्रकारांसाठी वापरत.

"आमच्या हिचं आपलं काहीतरी असतं," ते म्हणाले.

आनंदीबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

खोली लख्ख होती. सारवल्यासारखी पुसलेली फरशी, खाडीकडे एक खिडकी, भिंतीला ट्यूब. सामान मुळीच नव्हतं. कोपऱ्यात गुंडाळलेली एक चटई. बुद्धभूषणने टेपचं टोक चौकटीला लावलं आणि त्याचा हात तिथेच राहिला. चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, खालून वर चढत गेलेल्या. मुलांची उंची मोजतात तशा.

"धाकटीच्या?" त्याने हळूच विचारलं.

"हो. दर पाडव्याला काढते."

"पण ती..."

"उभी करायला नसते," आनंदीबाई म्हणाल्या. भाव विचारणाऱ्याला भाजीवाली सांगते तेवढ्या सरळ. "थोरल्या दोघींचं वाढणं आठवून काढते. ही तेजूवर गेली असं धरलंय. तेजू उंच होती."

बुद्धभूषणच्या घरी दहा महिन्यांची मुलगी होती. त्याने टेप सोडली. ती सरसर आवाज करत आत गेली आणि त्या रिकाम्या खोलीत तो आवाज जरा जास्तच घुमला.

"साहेब, काय लिहू?"

"पडीक."

"राहती," आनंदीबाई म्हणाल्या.

"हा रकाना मी कोरा ठेवतो," बुद्धभूषण म्हणाला. "तुमचं ठरलं की येतो." जाताना मात्र त्याने पायातल्या चपला हातात घेतल्या आणि ओटीपर्यंत तसाच अनवाणी गेला. देवळातून निघतात तसा.

आता ही खोली बांधली कशासाठी ते सांगायला हवं. १९८७ साली, दोघी मुली हाताशी आलेल्या असताना, आनंदीबाईंना पुन्हा दिवस गेले. गुणवंतराव तेव्हा साधे नगरसेवक होते. त्यांना आनंद झाला आणि आनंदाच्या भरात त्यांनी मागे एक खोली काढली. 'मुलगा येणार' असं ते गवंड्याला म्हणाले होते. गवंडीही हो म्हणाला होता. पुढे मुंबईत नेऊन गर्भजल परीक्षा केली. डॉक्टरांनी दोन बोटं आडवी हलवली. शिकलेली माणसं असली गोष्ट तोंडाने बोलत नाहीत. त्याच आठवड्यात सगळं उरकलं, आणि खोलीला दार मात्र त्यानंतर बसलं, कारण सुताराला आगाऊ पैसे गेलेले होते.

"तेव्हा कायदा नव्हता," गुणवंतराव म्हणत. कोणी विचारलेलं नसतानाही म्हणत. कधी कधी दाढी करताना, आरशात, फेस लागलेल्या तोंडाने.

आनंदीबाई मागच्या खोलीत रोज दिवेलागणीला ट्यूब लावत आणि जेवणं आटोपली की मालवत. विजेचं बिल वाढतं असं गुणवंतराव एकदाच म्हणाले होते. त्या दिवशी आनंदीबाईंनी ताटं वाढली तेव्हा तीन वाढली. घरात दोघंच होती.

बुद्धभूषण येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुणवंतराव खाडीच्या बांधावर उभे होते. म्हातारा धाकू होडी लावत होता.

"सायेब," धाकूने हाक मारली, "तुमची धाकली पोर लय अब्यास करते हाय ना? रोज सांजचा उजेड असतो खिडकीत. मी त्याच उजेडावर होरी आनतो. भरती असली की बांध दिसत न्हाय, पन पोरीचा दिवा दिसतो."

"ती आमची..." गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी मागे वळून बघितलं. खिडकीत उजेड होता. उजेडात कोणी नव्हतं.

"शिकव, शिकव," धाकू म्हणाला. "पोरी शिकल्या पायजेत. भाषानात तूच तं बोलतस."

त्या आठवड्यात थोरली मुलगी तेजश्री माहेरी आली. कडेवर तीन वर्षांची प्राची, हातात एकच पिशवी, आणि पोट नुकतंच जाणवायला लागलेलं. आल्या आल्या ती आईपाशी मागच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या मागोमाग दोन दिवसांनी तिचे सासरे शशिकांतराव आले. त्यांचा भाईंदरला खिडक्यांच्या लोखंडी ग्रिलचा कारखाना होता आणि मनुष्य मोकळा होता. आत येतानाच पंख्याचं बटण स्वतः दाबणारा.

"व्याही, एक छोटंसं काम होतं," ते म्हणाले. "तुमच्या त्या प्रश्नाने थोडा लोचा झालाय."

"घरपट्टीच्या?"

"दोन्हींच्या. डॉक्टर एकच आहे ना. मीरा रोडला स्टेशनजवळ, दुसरा मजला. कागदावर ते घर आहे, राहत्या घराची पट्टी भरतो. मशीन बेडरूममध्ये. तुमचा एक प्रश्न त्याच्या घराला लागतो, दुसरा मशीनला. बिचाऱ्याची टरकलीय. बोलला, सेशन संपेपर्यंत हात नाही लावणार. साहेबांचा प्रश्न जाऊ दे, मग या."

गुणवंतरावांना प्रथम बरं वाटलं. त्यांनी आजवर बरेच प्रश्न विचारले होते, पण प्रश्न विचारल्यामुळे काही झालं असा पूर्वेतिहास नव्हता. इथे उत्तर येण्याआधीच एक मशीन बंद पडलं होतं.

"मग होऊ दे की बंद," ते म्हणाले.

"अहो, आपलंच काम अडलंय ना त्याच्यात. दिवस चाललेत. पाचवा लागला की डॉक्टर हात नाही लावणार. त्याच्या आधी बघायला पाहिजे."

"कोणाचं?"

शशिकांतरावांनी त्यांच्याकडे दयेने बघितलं. "तेजूचं. अजून कोणाचं?"

पंखा फिरत होता. ओटीवरच्या झोपाळ्याची कडी किरकिर करत होती, झोपाळ्यावर कोणी बसलेलं नसताना.

"एक नात आहेच," शशिकांतराव सांगत होते. "लाडकी आहे. मी तिला रोज स्कूटरवर फिरवतो, विचारा तिला. पण मला गणेश एकुलता एक. कारखाना उद्या कोणी बघायचा? आणि तुम्हाला मी काय सांगायचं, गुणवंतराव. तुम्ही यातून गेलात."

"तेव्हा कायदा नव्हता," गुणवंतराव सवयीने म्हणाले.

"आता तरी कुठाय? म्हणजे आहे, पण तुमच्या प्रश्नापुरता आहे." शशिकांतराव हसले. "मागे घ्या असं नाही म्हणत मी. बोभाटा होईल. तुमचा नंबर येईल तेव्हा चहाला जा. तुमच्यात चालतं ना तसं?"

चालत होतं. सभागृहात नाव पुकारलं तेव्हा सदस्य जागेवर नसेल, तर प्रश्न विचारला गेला नाही असं धरून पुढचा घेतात. गुणवंतरावांच्या ओळखीतल्या काही सदस्यांची यावर मोठी भिस्त होती. प्रश्न टाकायचा, ज्याला झोंबायचा त्याला झोंबू द्यायचा, तो भेटायला आला की चहाला जायचं. त्यात कोणाचंच नुकसान नसे. कँटीनवाल्याचा तर फायदाच.

"आणि नाही गेलो तर?"

"मग तेजूला इथेच ठेवा," शशिकांतराव उठत म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमची मुलगी, तुमचं घर. आम्ही गणेशचं बघू काहीतरी. बघा, विचार करा."

"बघतो," गुणवंतराव म्हणाले.

त्यांच्या 'बघतो'चा अर्थ साऱ्या मुलखाला ठाऊक होता. अनोळखी माणसाला तो नकार असे. घरच्या माणसाला होकार. शशिकांतराव जाताना पंखा बंद करून गेले.

संध्याकाळी गुणवंतराव मागच्या दाराकडे गेले. मुलीला समजावून सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. समजावणं हा त्यांचा धंदाच होता. दार लोटलेलं होतं, फटीतून ट्यूबचा उजेड येत होता. आतून आनंदीबाईंचा आवाज आला, मग तेजश्रीचा, मग एका लहान मुलीचा. काहीतरी विचारत होती. शब्द कळत नव्हते. प्रश्न विचारताना मुलं शेवटी सूर वर नेतात, तो सूर तेवढा कळत होता.

प्राचीसमोर हा विषय नको, म्हणून ते मागे फिरले. ओटीवर आले. झोपाळ्यावर प्राची गाढ झोपलेली होती. अंगावर आजीची चादर, तोंडात अंगठा.

गुणवंतराव विज्ञानाचे पदवीधर होते. शेजारी नवी बिल्डिंग झालेली आहे, तिथे मुलं आहेत, खाडीवरून आवाज वाहत येतो, हे सगळं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला समजावण्यात मात्र त्यांचा हात तितकासा बसलेला नव्हता. दाराशी परत आले तेव्हा आत दोनच आवाज होते.

"या बाबा," तेजश्री म्हणाली. "उंबऱ्यावर किती वेळ उभे राहणार?"

या खोलीत ते सहा वर्षांत आलेले नव्हते. चटईवर बसले तेव्हा पेन्सिलीच्या रेघा नेमक्या त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. सर्वांत वरची नुकत्याच झालेल्या पाडव्याची होती.

"चहाला जाणार आहात?" तेजश्रीने विचारलं. ओटीवर बोललेलं या घरात कधीच ओटीवर राहत नसे.

"तुझ्या संसाराचा प्रश्न आहे, तेजू."

"माझ्या संसाराचा प्रश्न तुम्ही कँटीनमध्ये सोडवणार?"

"तू अजून लहान आहेस. पुढे..."

"मी बारावीला होते तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात." तिचा आवाज शांत होता. "आईला मुंबईहून आणलं, आणि तुम्ही मला सांगितलंत, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मी तिला आंघोळ घालायचे, बाबा. रोज तिच्या पोटावर टाके शोधायचे. मला वाटायचं, मला दिसत कसे नाहीत. मग एक दिवस कळलं. मग मी अभ्यासाला बसायचे तर समोर पुस्तक, आणि मनात एकच. मी पहिली होते म्हणून राहिले. तिसरी असते तर?"

गुणवंतराव चौकटीवरच्या रेघांकडे बघू लागले. असा उपप्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता.

"आई, तू सांग हिला," अखेर ते आनंदीबाईंना म्हणाले. दोन मुली झाल्यापासून ते बायकोला एरवी आईच म्हणत.

आनंदीबाई चटईच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होत्या.

"तुम्ही म्हणता तेव्हा कायदा नव्हता," त्या म्हणाल्या. "खरंय. मीही नको म्हटलं नव्हतं, तेही खरं. डॉक्टर शिकलेला होता. तुम्ही नंतर न्हाणीघरात नळ सोडून रडला होतात, मी ऐकलंय. सगळं खरंय, अहो. पण सगळं खरं असूनही ती नाही. आता कायदा आहे. आता तुम्हीच कायद्याचे. आणि तुम्ही चहाला जाताय. मग तेव्हा कायदा असता तर काय केलं असतं तुम्ही? तेव्हासुद्धा चहालाच गेला असतात."

"लोक तुला वेडी म्हणतात, आनंदी. रोज दिवा लावतेस."

"म्हणू दे. मला ठाऊक आहे खोलीत कोणी नाही. तुमच्याइतकंच ठाऊक आहे. पण कोणी नाही, हे कोणीतरी लक्षात ठेवायला नको? तुम्ही नाही ठेवत. सरकार नाही ठेवत. त्या टेपवाल्याने इंच न् इंच मोजला, गोठ्यातली गव्हाणसुद्धा सोडली नाही. न आलेल्या पोरी कोण मोजतं? मी एक खोली सांभाळते. मीरा रोडला अशा किती खोल्या काढाव्या लागतील, बघा एकदा बेरीज करून."

तेजश्रीने पोटावर हात ठेवला. "हा मुलगा आहे का मुलगी, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. मला ते हवंय. गणेशला मी सांगितलंय, न्यायला यायचं तर आत्ता आम्हा दोघींना न्यायला या, नाहीतर बाळ झाल्यावर तिघांना. तुमचा प्रश्न तुम्ही बघा."

प्रश्नाचा दिवस उजाडला तेव्हा गुणवंतराव विधानभवनात वेळेवर पोचले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, असं ते स्वतःला सांगत होते. पण त्यांचे पाय शहाणे होते; त्यांच्या नंबराआधीचा प्रश्न पुकारला गेला तसे ते आपणहून कँटीनकडे चालू लागले.

कँटीनमध्ये गर्दी नव्हती. भिंतीवरच्या स्पीकरमधून सभागृहातलं कामकाज ऐकू येत होतं. चहा आला. तो त्यांनी बशीत ओतला. साय धरू लागली. स्पीकरमधून कुठल्याशा बंधाऱ्याची चर्चा येत होती, आणि गुणवंतरावांना वाटलं, आपल्या खुर्चीला लागून कोणीतरी उभं आहे.

त्यांनी मान वळवली नाही. उभं असलेलं माणूस उंच नव्हतं. टेबलाच्या वर जेमतेम डोकं यावं एवढंच. ती उंची त्यांच्या ओळखीची होती. चटईवर बसलं की ती बरोबर डोळ्यांसमोर येते. लहान मुलं मोठ्यांच्या टेबलाशी उभी राहतात तशीच होती ती कोणी. काही मागत नव्हती. आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत असावी, आणि तिला कोणी नावच ठेवलेलं नव्हतं.

स्पीकर बोलला. गुणवंतरावांच्या प्रश्नाचा क्रमांक, आणि मग त्यांचं नाव.

मग शांतता. सभागृहातली शांतता स्पीकरमधून ऐकली की तिला एक खरखर असते.

"सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत," सभापतींचा आवाज आला. "पुढचा..."

बशी टेबलावरच राहिली. पन्नाशी उलटलेला, मधुमेहाच्या गोळ्या घेणारा, चालतानाही आब राखणारा तो माणूस कँटीनच्या दारातून धावत सुटला. लॉबीत एका मंत्र्याच्या सचिवाला धक्का लागला. शिपायाने दार उघडायच्या आत त्यांनी ते ढकललं.

"उपस्थित आहे, सभापती महोदय! उपस्थित आहे!"

सभागृह हसलं. सभापतींनी चष्म्यावरून बघितलं, आणि का कोण जाणे, परवानगी दिली.

मंत्रिमहोदयांनी छापील उत्तर वाचलं. गर्भलिंग तपासणारी केंद्रे मीरा-भाईंदर परिसरात आढळून आलेली नाहीत. कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

"उपप्रश्न," गुणवंतराव म्हणाले. अजून धाप लागलेली होती. "सभापती महोदय, केंद्र आढळणार नाही, कारण कागदावर ते राहतं घर आहे. घरपट्टी राहत्या घराची भरली जाते. दुसरा मजला, स्टेशनजवळ. रोज बायका जिना चढून जातात आणि उतरून येतात. माझा प्रश्न एवढाच आहे. त्या घरात राहतं कोण?"

मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "भुतं!" आणि पुन्हा हशा झाला.

"बरोबर आहे," गुणवंतराव म्हणाले. "त्यांचीच घरपट्टी मी विचारतोय."

हशा विरला. मंत्रिमहोदयांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे वळून बघितलं आणि सन्माननीय सदस्यांनी पत्ता दिल्यास चौकशी करू असं सांगितलं.

"देतो. आत्ताच देतो. तो मला कसा ठाऊक, हे कोणी विचारलं तर तेही सांगतो."

ते कोणी विचारलं नाही. विचारायचं कसं, या अडचणीत बरेच जण असावेत. काही सन्माननीय सदस्य एकदम कागद चाळू लागले.

यानंतर सगळं चांगलं झालं असं लिहिण्याचा मोह होतो. पण वाचक शहाणे आहेत. पथक गेलं तेव्हा त्या बेडरूममध्ये पलंग होता आणि पलंगावर नवी कोरी चादर. मशीन पुढे वसई का विरारला निघाल्याचं ऐकू आलं. पण तेवढ्या दिवसांत कोणाकोणाचा पाचवा लागून गेला, आणि जिना न चढता कितीजणी घरी परतल्या, याचा आकडा कोणाकडेच नाही. संध्या कांबळे म्हणतात, तेवढ्यासाठी तर प्रश्न विचारायचा असतो.

तेजश्री माहेरीच राहिली. शशिकांतरावांनी निरोप पाठवला नाही, पंखाही लावायला आले नाहीत. पावसाळा सरला आणि भाईंदरच्या सूतिकागृहात तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी गणेश एकटाच आला. ओटीवर बराच वेळ चपला काढत राहिला. मग आत जाऊन त्याने बाळाला उचललं, ग्रिलचं पातं धरतात तसं, दोन्ही हात ताठ करून.

"अहो, मान धरा तिची," तेजश्री म्हणाली.

"धरतोय," तो म्हणाला. "मी घरी सांगून आलोय. दोघींना आणि हिला, तिघींना नेणार. पप्पा बोलतील काय ते बोलतील."

बारशाला शशिकांतराव आले. जेवून उठले. निघताना पाळण्याशी थांबले, वाकून बघितलं आणि "नाक आमच्याकडचं आहे" एवढं बोलून गेले. काही माणसांचा पश्चात्ताप याहून लांब होत नाही. तेवढ्यावर भागवून घ्यावं.

गुणवंतरावांना मात्र त्या दिवशी भरून आलं होतं. पाहुणे गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "आनंदी, बाळाला थोडे दिवस मागच्या खोलीत ठेवू. दिवा लावतेसच तू. सहा वर्षांनी भरली ती खोली, असं म्हणू."

"नको," आनंदीबाई म्हणाल्या. "हिला ओटीला लागून पुढची खोली. ऊन येतं तिथे. मागची रिकामी नाही."

"पण ही आली ना आता?"

"ही आली. ती नाही आली. दोघी वेगळ्या आहेत, अहो. हिला तिच्या जागी निजवलंत तर हिच्यावरही अन्याय होईल."

गुणवंतरावांना हे समजायला वेळ लागला. आपल्या हातून एक वाचली की हातून गेलेली फिटली, असा त्यांचा हिशेब होता. बहुतेक भल्या माणसांचा असाच असतो. दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण आला तेव्हा ते स्वतः त्याला मागच्या दारापर्यंत घेऊन गेले.

"लिहा, राहती," ते म्हणाले.

"साहेब, पट्टी वाढेल."

"वाढू दे."

नागरिकहो, कायदा करायला सभागृह लागतं, पण तो मोडायला किंवा पाळायला आपली ओटीच पुरते. कोणी तो 'तेव्हा नव्हता' म्हणून मोडतो, कोणी 'आहे, पण नावापुरता' म्हणून. जिला आपण येऊ दिलं नाही, तिची जागा घरात तशीच राहते. ती पडीक आहे असं सांगून सुटका होत नाही. ज्या घरात बाळ येणार आहे, तिथे डॉक्टरांना एकच विचारावं, बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? बाकीचे प्रश्न सरकारला विचारावेत. आणि आपलं नाव पुकारलं जाईल तेव्हा जागेवर असावं.